बर्फ पोरांचा, शहर आजीचं. मग आईचं काय?

सोलापूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "मुलांना टीव्हीवर पाहून बर्फात स्कीइंग शिकायचं वेड लागलंय. सासूबाईंना श्रीनगरचं शंकराचार्यांचं देऊळ आणि जुनं शहर बघायचंय. यांना फोटो काढायचेत. आठ दिवसांत सगळं बसेल का? आणि खरं विचारू का, या सगळ्यात मी काय करायचं? बॅगा भरायच्या आणि बर्फात कोट सांभाळत उभं राहायचं?"

या पत्रातला शेवटचा प्रश्नच मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. आपल्याकडे सहल म्हणजे घरचंच काम दुसऱ्या गावी जाऊन करणं, अशी अनेकींची गत असते. तेव्हा आज काश्मीरची ही जोडसहल, म्हणजे गुलमर्गचा बर्फ आणि श्रीनगरचं जुनं शहर, नीट आखायची कशी ते पाहू. आणि आखताना आईच्या नावावरही दोन-तीन गोष्टी आधीच लिहून ठेवू. मागाहून त्या कधीच बसत नाहीत.

आधी मनातली भीती

काश्मीर म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो तो हाच, त्यामुळे तो टाळून पुढे जाता येणार नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन पठारावर अतिरेक्यांनी २६ माणसं मारली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातले सहाजण होते, आणि पर्यटकांना वाचवायला गेलेला तिथला एक घोडेवालाही होता. त्यानंतर खोऱ्यातली बरीच स्थळं काही काळ बंद ठेवली गेली आणि पुढे टप्प्याटप्प्याने उघडली.

जावं की न जावं, हे मी इथे बसून सांगणार नाही. पण ठरवायची रीत सांगते. कोणती ठिकाणं उघडी आहेत हे प्रवासी कंपनीच्या तोंडी शब्दावर न ठेवता जम्मू-काश्मीरच्या पर्यटन खात्याकडे चौकशी करून पाहा. आरक्षण करताना रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील हे लेखी घ्या. आणि घरात एकाही माणसाला त्या विचाराने झोप लागत नसेल, तर त्याची समजूत काढण्यात महिना घालवू नका. बर्फ हिमाचलातही आहे. मनालीजवळ सोलंगच्या उतारावर शिकता येतं, आणि वीस-एक किलोमीटरवर कुलूच्या राजांची जुनी राजधानी नग्गर आहे, तिथला लाकूड-दगडाचा वाडा आहे. मनालीतलं हिडिंबा देवीचं लाकडी देऊळ तर १५५३ सालचं. म्हणजे बर्फ आणि इतिहास ही जोडी तिथेही जमते. शहर मात्र श्रीनगरएवढं मोठं नाही, इतकंच.

कधी जायचं?

इथे आपली खरी पंचाईत आहे. आपल्या शाळांना सुट्टी दिवाळीत आणि मे महिन्यात, आणि बर्फ बसतो त्या दोन्हींच्या मध्ये. काश्मिरी लोक थंडीचे तीन तुकडे पाडतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्ला-ए-कलान', म्हणजे कडाक्याची थंडी. मग वीस दिवसांची धाकटी थंडी, आणि शेवटी दहा दिवसांची अगदी बाळथंडी. बर्फ साचतो तो मुख्यतः या काळात.

नाताळच्या सुट्टीत गर्दी फार आणि बर्फाची खात्री कमी. बर्फाचंही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणं ऐन थंडीत कोरडी पडली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत बर्फ पुरेसा नाही म्हणून तिथल्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. मला विचाराल तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा शेवट हा काळ धरावा. २६ जानेवारीच्या आसपास श्रीनगरात बंदोबस्त कडक असतो, रस्ते अडवलेले असतात. ते दोन-तीन दिवस सोडा.

मी स्वतः शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून थोडं बाईंच्या अधिकाराने बोलते. सातवी-आठवीपर्यंतच्या मुलाचे फेब्रुवारीतले पाच-सहा दिवस बुडले तर आभाळ कोसळत नाही. वर्गशिक्षिकेला आधी चिठ्ठी द्या, बुडालेला अभ्यास मागून घ्या. पण घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर यंदा हा विषयच काढू नका. पुढच्या वर्षी बर्फ असेलच.

आधी डोंगर की आधी शहर?

प्रवासी कंपन्या बहुधा आधी श्रीनगर पुरतं दाखवतात आणि शेवटी गुलमर्गला नेतात. माझं मत उलटं आहे, आणि त्याला कारणं आहेत.

श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८५ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे श्रीनगर जवळपास आपल्या सर्वांत उंच शिखराएवढं उंच! गुलमर्ग त्याहून हजारेक मीटर वर, सुमारे २,६५० मीटरवर. तेव्हा पहिली रात्र श्रीनगरात काढून शरीराला थोडी सवय होऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी वर जावं, तीन-चार रात्री गुलमर्गला राहावं, आणि मग उतरून श्रीनगरात दोन-तीन दिवस सावकाश घालवावेत.

शहर शेवटी ठेवण्याचं कारण हवामान. गुलमर्ग श्रीनगरपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, पण शेवटचे तेरा किलोमीटर, टंगमर्गपासून वरचा घाट, बर्फ पडला की चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्यांनाच सोडतात. मोठी बर्फवृष्टी झाली तर रस्ता बंदही होतो. गुलमर्गचा मुक्काम शेवटी ठेवलात आणि असा दिवस आला तर परतीचं विमान हुकतं. तोच दिवस मध्ये आला तर शहरातला एक दिवस कमी होतो, इतकंच. खर्चाचंही तसंच. गुलमर्गची हॉटेलं श्रीनगरपेक्षा महाग पडतात, म्हणून तिथे स्कीइंगपुरतेच दिवस ठेवावेत.

आठ रात्रींचा आराखडा असा होतो: पहिली रात्र श्रीनगर, मग चार रात्री गुलमर्ग, त्यात शिकण्याचे तीन पूर्ण दिवस, मग तीन रात्री श्रीनगर. याहून कमी दिवस असतील तर शहरातली एक रात्र कमी करा, शिकण्याचा दिवस नको. का, ते पुढे सांगते.

विमान परवडत नसेल त्यांच्यासाठी आता रेल्वेही आहे. ६ जून २०२५ रोजी कटरा ते श्रीनगर गाडी सुरू झाली. तीन-एक तासांचा प्रवास, आणि वाटेत चिनाब नदीवरचा तो ३५९ मीटर उंचीचा पूल. कटऱ्यापर्यंतचा आपला प्रवास लांबचा आहे, हे मात्र धरून चाला. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर वाटेत एक मुक्काम करा.

स्कीइंग म्हणजे नक्की काय करायचं?

गुलमर्गला हा खेळ इंग्रजांच्या काळात आला. १९२७ साली तिथे स्की क्लब निघाला. आज केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था तिथेच आहे. शिवाय खाजगी शिक्षक पुष्कळ. नवशिक्यांसाठी अगदी सौम्य उतार आहेत. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात, तेच मैदान बर्फाने भरलं की पोरांची शाळा होते.

पहिल्या दिवशी कुणीही घसरत सुटत नाही. पहिला दिवस जातो तो ते जड बूट घालण्यात, लांब स्की पायाला अडकवून चालण्यात, पडण्यात आणि उठण्यात. पडायचं ते कुशीवर, बाजूला. पुढे हात टेकून नाही, मनगट जातं. मग थांबणं शिकवतात. स्कीची पुढची टोकं एकमेकांजवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या, म्हणजे वेग मोडतो. हे आलं की अर्धी भीती गेली. दुसऱ्या दिवशी वळणं. तिसऱ्या दिवशी मुलं छोट्या उतारावरून एकटी खाली येऊ लागतात, आणि तो चेहरा बघण्यासारखा असतो! म्हणून म्हणते, तीन दिवस तरी हवेतच. एका दिवसात माणूस फक्त पडतो आणि "हे आपल्याला जमणार नाही" असं मनाशी धरून घरी येतो.

काही गोष्टी ठरवताना पक्क्या करा:

शिक्षकाचे पैसे तासावर की दिवसावर, किती मुलांमागे एक शिक्षक, आणि बूट-स्की-काठ्या-हेल्मेट त्यात धरलं आहे की वेगळं, हे आधी बोलून कागदावर लिहून घ्या. हेल्मेटशिवाय मुलाला उतारावर सोडू नका, मग शिक्षक काहीही म्हणो.

सहा वर्षांच्या आतल्या मुलांना स्कीपेक्षा घसरगाडीच बरी. ओढणारा माणूस भाडं सांगेल ते दोघांनी ऐकून, फेरी कुठून कुठपर्यंत हे ठरवून मगच बसा. थंडीत दिवसभर गाडी ओढून पोट भरणारा माणूस आहे तो. घासाघीस करा, पण हिणवू नका.

आखलेला उतार सोडून कुणी "इकडे ताजा बर्फ आहे" म्हणून नेऊ लागलं तर जाऊ नका. वरच्या अफरवट डोंगरावर हिमस्खलनं होतात आणि त्यांत कसलेले परदेशी खेळाडूही दगावले आहेत.

प्रवासाचा विमा काढत असाल तर स्कीइंगची दुखापत त्यात धरली आहे का, ते बारीक अक्षरांत वाचा. बऱ्याच विम्यांत असे खेळ वगळलेले असतात.

आजी-आजोबांसाठी गुलमर्गची केबल कार, जिला तिथे गंडोला म्हणतात, ती मोठी सोय आहे. पहिला टप्पा, कोंगदोरीपर्यंतचा, १९९८ मध्ये झाला. तो सुमारे ३,१०० मीटरपर्यंत नेतो. दुसरा टप्पा २००५ चा, तो अफरवटच्या कुशीत थेट ३,९५० मीटरच्या आसपास. पहिला टप्पा धडधाकट म्हाताऱ्या माणसांना झेपतो. दुसरा मात्र हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. वर वारा सुटला की तो टप्पा बंदही ठेवतात. तिकिटं आधी ऑनलाइन काढावी लागतात. तिथे जाऊन दलालांच्या मागे लागू नका.

आईने शिकावं का?

अगदी शिकावं! २०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही गेलो, तेव्हा माझा मुलगा अकराचा आणि मुलगी सातची. "मी इथेच बसते, तुमचे बूट सांभाळते," असं माझ्या तोंडावर आलंच होतं. पण आमच्या सासूबाई उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, बुटांना काय पाय फुटणारेत? जा तू." गेले. पस्तिशी ओलांडलेल्या बाईला मुलांहून जास्त वेळ लागतो हे खरं. मुलांचा गुडघा लवतो, आपला विचार करून लवतो. पण तिसऱ्या दिवशी मी पन्नास पावलांचा उतार न पडता उतरले, आणि माझ्या मुलीने टाळ्या वाजवल्या. आजवर शाळेत टाळ्या मीच वाजवत आले आहे. त्या दिवशी अदलाबदल झाली.

जमेल असं करायचं तर यजमानांशी आधीच वाटणी करा. सकाळी दहा ते बारा आई शिकेल, तेव्हा आजी आणि धाकटं मूल बाबांकडे; दुपारी उलट. "तिकडे गेल्यावर बघू" म्हटलंत की बघणारी तुम्हीच उरता. साडी मात्र घरीच ठेवा. सलवार किंवा पँट, तीही सुती नको. गुडघेदुखी, नुकतंच झालेलं ऑपरेशन, दिवस गेलेले असतील तर स्की नको. अशा वेळी पहिल्या टप्प्यापर्यंतची केबल कारही डॉक्टरांना विचारूनच. ज्यांना नकोच वाटतं त्यांनी पुस्तक घेऊन उन्हात बसावं, कहवा प्यावा. तीही सुट्टीच. फक्त ती आपण निवडलेली असावी.

कपडे आणि बॅगा

बर्फात ऊब येते ती थरांनी, एकाच जाड कोटाने नाही. अंगालगत थर्मल किंवा पातळ लोकर, त्यावर जाड स्वेटर, आणि वरून पाणी न शिरणारं जाकीट. सुती गंजीफ्रॉक आत नको. सुताने घाम धरून ठेवला की तोच अंगावर गार पडतो.

पायमोजे एकच जोड, पण चांगला लोकरी. दोन जोड घातले की बुटात सुरकुत्या पडतात, रक्त नीट फिरत नाही, फोड येतात आणि पाय उलट जास्त गारठतात. हातमोजे विणलेले उपयोगाचे नाहीत, बर्फ लागला की भिजून चिंब. पाणी न शिरणारेच घ्या आणि मुलांसाठी एक जोड जास्तीचा ठेवा. जाड कोट आणि गमबूट टंगमर्गला आणि गुलमर्गला भाड्याने मिळतात. आयुष्यात एकदा वापरायला ते विकत घेऊ नका.

थंडीत ऊन लागत नाही असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. ताज्या बर्फावरून ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत उलटतात, आणि उंचीवर ते मुळातच तीव्र असतात. काळा चष्मा आणि चेहऱ्याला सनस्क्रीन हे लहान मुलांनाही हवंच. ओठांना आपलं कोकमतेल उत्तम. डबी खिशात ठेवा. पाळीची तारीख जवळ असो वा नसो, लागणारं सामान घरूनच न्या.

खोलीतली ऊब जपून. ही सूचना कृपा करून दोनदा वाचा. हॉटेलात किंवा हाऊसबोटीत बुखारी, म्हणजे लाकडाची शेगडी, किंवा गॅसचा हीटर असतो. दारं-खिडक्या घट्ट लावून तो रात्रभर जळत ठेवला तर खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. झोपण्याआधी विझवा, आणि जळत असेल तेव्हा खिडकीची फट उघडी ठेवा. काश्मिरी लोक फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात, ती बघायला छान, पण मुलांच्या हाती नको आणि अंथरुणात तर मुळीच नको. आरक्षण करतानाच खोली कशाने गरम करतात, किती वाजेपर्यंत, आणि गरम पाणी केव्हा असतं, हे विचारा. थंडीत नळ गोठतात, तेव्हा आंघोळीचा हट्ट सासूबाईंनाही सोडायला सांगा.

आता शहर

तीन दिवस बर्फात घालवल्यावर पाय बोलत असतात, आणि अशा वेळी शहर बरं वाटतं. श्रीनगर म्हणजे फक्त दल सरोवर आणि बागा नव्हेत. फेब्रुवारीत बागांत कारंजी नाहीत, चिनार निष्पर्ण. शालिमार (जहांगीरची, १६१९) आणि निशात (नूरजहाँच्या भावाची, १६३३) या बागा एका दुपारी पाहून होतात. ट्युलिपची बाग मार्चअखेरच उघडते. थंडीत पाहायचं ते जुनं शहर, झेलमच्या दोन्ही काठांवरचं.

झेलम हे नाव आपल्यापैकी अनेकींना आधी पुण्याहून सुटणाऱ्या गाडीचं म्हणून ठाऊक. काश्मिरी माणूस तिला 'व्यथ' म्हणतो. जुनं नाव वितस्ता. तिच्यावरचे पूल म्हणजे 'कदल', आणि वस्त्यांची नावंही पुलांवरून: हब्बा कदल, फतेह कदल, जैना कदल. एक पूर्ण सकाळ जैना कदलच्या आसपास चाला. जरूर तर एखादा वाटाड्या घ्या.

इथे बायकांनी मुद्दाम पाहाव्यात अशा जागा आहेत. सुलतान जैनुल आबिदीनने पंधराव्या शतकात आपल्या आईसाठी बांधलेली विटांची घुमटदार कबर जैना कदलजवळच आहे, एका जुन्या देवळाच्या जोत्यावर. या राजाने १४२० ते १४७० अशी पन्नास वर्षं राज्य केलं. आज आपण ज्या काश्मिरी कलाकुसरीवर पैसे उधळतो, तिच्यातल्या बऱ्याचशा कामाला त्यानेच बळ दिलं. लोक त्याला अजून 'बडशाह' म्हणतात. नदीच्या पलीकडे नूरजहाँने १६२३ मध्ये बांधवलेली दगडी मशीद आहे. आणि जुन्या शहरातल्या दिद्दमर नावाच्या भागाला ते नाव आलं राणी दिद्दावरून. तिने ९८० ते १००३ अशी तेवीस वर्षं स्वतःच्या नावाने राज्य केलं, आणि कल्हणाने राजतरंगिणीत तिची कर्तबगारी आणि क्रौर्य दोन्ही लिहून ठेवलं आहे. मुलांना वहीत या तीन बायकांची नावं लिहायला सांगा. शाळेत उपयोगी पडतील.

जामा मशीद १४०२ मध्ये पुरी झाली. आत ३७० हून जास्त देवदारी खांब आहेत, एकेक अखंड झाडाचा. ती तीनदा आगीत सापडली आणि तिन्ही वेळा पुन्हा उभी राहिली. शुक्रवार आणि नमाजाच्या वेळा सोडून जा, डोक्यावर ओढणी घ्या. खानकाह-ए-मौला ही लाकडी वास्तू पेपरमाशीच्या रंगकामाने भरलेली आहे. आतल्या दालनात बायकांना जाता येत नाही, पण बाहेरून आणि दारातूनही पुष्कळ दिसतं.

मुलांना जुनी घरं दाखवा. लाकडाच्या चौकटीत विटा-माती भरून बांधायची ही पद्धत. भूकंपात चौकट हलते पण सहजी कोसळत नाही. ८ ऑक्टोबर २००५ च्या मोठ्या भूकंपात अशी कितीतरी घरं टिकली, आणि इंजिनियर लोकांनी त्यांचा पुन्हा अभ्यास सुरू केला. बर्फात पडताना गुडघे मऊ ठेवा म्हणतात, तसंच हे. ताठ राहिलं की मोडतं.

सासूबाईंचा शंकराचार्य डोंगर एका सकाळी होतो. गाडी बरीच वर जाते, पुढे सुमारे अडीचशे पायऱ्या. बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पायऱ्या निसरड्या असतात, तेव्हा ऊन पडून गेल्यावर जा आणि काठी घ्या. वरून नदीची नागमोडी वळणं दिसतात, आणि शालीच्या काठावर तेच वळण कुठून आलं असं वाटून जातं.

खाणं आणि खरेदी

शाकाहारी घरांनी घाबरायचं कारण नाही. हाक नावाची हिरवी पालेभाजी, कमळाच्या देठाची म्हणजे नद्रूची भाजी, राजमा-भात, पनीर सगळं मिळतं. फक्त वेगळ्या भांड्यात करतात का ते विचारा. सकाळी नानबाईकडची ताजी रोटी आणि गुलाबी खारट चहा एकदा घ्याच. मुलांसाठी घरून दशम्या, चिवडा आणि मेतकूट न्या. बर्फात भूक दर दोन तासांनी लागते.

खरेदी शेवटच्या दिवशी, आणि आधी सरकारी दुकानात भाव पाहून मगच बाजारात. केशर घेताना दोन काड्या कोमट पाण्यात टाकायला सांगा. खरं केशर हळूहळू पिवळा रंग सोडतं आणि काडी लालच राहते. पाणी लगेच लालभडक झालं तर दुकान बदला. अंगठीतून जाते म्हणून शाल पश्मिना ठरत नाही, पातळ नकली शालही जाते. जी. आय. चिन्ह असलेली घ्या, नाहीतर साधी लोकरी म्हणून, लोकरीच्या भावाने घ्या. लोकरी शालीतही ऊब असतेच की.

आणि निघण्याआधी घरात एक कागद भिंतीला लावा. त्यावर प्रत्येकाने आपली एक इच्छा लिहायची, आजीपासून धाकट्यापर्यंत. पहिली ओळ मात्र तुम्ही लिहा. उरलेल्यांची आठवण तुम्ही ठेवणारच आहात. तुमची कुणी ठेवावी, तर ती आधी दिसायला नको का?

पुढच्या अंकात: बर्फात भिजलेले लोकरी कपडे घरी धुवायचे आणि वाळवायचे कसे.